लुइझियानाच्या डान्स हॉलमधलं पहिलं पाऊल

शनिवारी सकाळी नऊ वाजता बारमध्ये बसलेल्या माणसाकडे जग वाकड्या नजरेनं बघतं. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या मामू या छोट्या गावात मात्र ती वेळ नाचायची आहे. इथला ‘फ्रेड्स लाउंज’ शनिवारी सकाळी भरतो. दोरी बांधून वेगळ्या केलेल्या जागेत वादक बसतात, अकॉर्डियन आणि फिडल सुरू होतं, मधलं निवेदन फ्रेंचमध्ये होतं आणि सगळा कार्यक्रम रेडिओवरून आसपासच्या गावांत थेट ऐकू जातो. दोरीच्या कडेनं उरलेल्या चिंचोळ्या जागेत जोडपी गोल फिरत असतात. त्यात सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतात, शेजारच्या गावातले शेतकरी असतात आणि आदल्या दिवशी विमानातून उतरलेले, यातलं काहीच न येणारे पर्यटकही असतात. असा पर्यटक भिंतीला टेकून फार वेळ उभा राहू शकत नाही. कुणीतरी येऊन त्याच्यापुढे हात धरतंच.

केजन आणि झायडेको हे नाच बहुतेक लोक असेच शिकत आले. हे नाच रंगमंचासाठी बसवलेले नाहीत आणि त्यांत परीक्षा, पदव्या, ठरलेले पोशाख असला प्रकार नाही. नवशिक्याला लागणारी पावलं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. वेळ जातो तो दुसऱ्याच गोष्टींत: वाद्य काय म्हणतंय ते पायांनी ऐकण्यात, जोडीदाराचं वजन ओळखण्यात आणि भरलेल्या हॉलमध्ये चारचौघांसारखं वागण्यात.

दोन्ही नाचांचा प्रदेश एकच: लाफिएट, ब्रो ब्रिज, युनिस, ओपेलुसस, मामू या गावांचा नैर्ऋत्य लुइझियाना. समाज मात्र दोन. केजन लोकांचे पूर्वज कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अकेडिया या भागात वसलेले फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना तिथून हाकलायला सुरुवात केली. दहा हजारांहून अधिक माणसं जहाजांत कोंबून देशोधडीला लावली गेली, कुटुंबांची ताटातूट झाली. १७६५च्या सुमारास त्यांतली काही कुटुंबं लुइझियानाच्या दलदलीच्या आणि गवताळ प्रदेशात पोहोचली आणि तिथेच रुजली. याच भागात फ्रेंच बोलणारा काळा क्रिओल समाजही होता. त्यात गुलामगिरीतून सुटलेल्यांची मुलं-नातवंडं होती आणि आधीपासून स्वतंत्र असलेली घराणीही होती. शेजार, शेती, कॅथलिक धर्म, भाषा आणि जेवण हे सगळं सामायिक होतं. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे नाचायच्या जागा मात्र वेगळ्या होत्या.

सुरुवातीला नाच घरातच व्हायचा. शनिवारी एखाद्याच्या घरातलं सामान अंगणात काढायचं, खोली रिकामी करायची आणि गावाला निरोप धाडायचा. पुढे लाकडी फरशीचे डान्स हॉल आले. तिथे आई-वडील, पोरंबाळं, आजी असं अख्खं कुटुंब यायचं. तान्ह्या मुलांना निजवायला बाजूला वेगळी खोली असे. तिथे मुलांना फ्रेंचमध्ये ‘गाई गाई कर’ म्हणत थोपटलं जायचं, त्यावरून या नाचाच्या रात्रींना ‘फे-दो-दो’ हे नाव पडलं असं सांगतात. तरुण मुलींच्या आया भिंतीलगतच्या बाकांवर बसून सगळ्यांवर नजर ठेवत. काही हॉलमध्ये एकट्या तरुणांसाठी कठडा घातलेली जागा राखलेली असे. तिला गमतीनं ‘कुत्र्यांचा पिंजरा’ म्हणत. नाचायला बोलवायचं तेवढ्यापुरतं बाहेर यायचं, गाणं संपलं की परत आत. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात नाच बंद ठेवायची जुनी कॅथलिक रीत होती, त्यामुळे त्याआधीच्या रात्री लोक दमेपर्यंत नाचून घेत.

या नाचाचा कणा म्हणजे अकॉर्डियन. केजन वादकाच्या हातातला अकॉर्डियन लहान असतो, एका रांगेत दहा बटणं असलेला. भाता दाबला की एक सूर आणि ओढला की त्याच बटणातून दुसरा सूर, अशी त्याची रचना असते. साधी धून वाजवायलाही भाता सतत आत-बाहेर करावा लागतो, आणि त्या हिसक्यांनी सुरावटीतच ठेका भरला जातो. शिवाय एकेका सुरासाठी चार पत्त्या एकदम वाजत असल्यानं आवाज दणदणीत येतो. मायक्रोफोन नसलेल्या काळात, शंभर जोडी बूट लाकडी फरशीवर घासत असतानाही तो ऐकू जाई. सोबतीला फिडल, गिटार आणि लोखंडी ट्रायँगल. जो फाल्कन आणि क्लिओमा ब्रो या दोघांनी १९२८ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये ‘अलोंझ आ लाफिएट’ ध्वनिमुद्रित केलं. केजन संगीताची ती पहिली तबकडी मानली जाते.

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, आमेदे आर्द्वाँ हा काळा क्रिओल अकॉर्डियनवादक आणि डेनिस मगी हा गोरा फिडलवादक यांनी एकत्र मुद्रण केलं. आजच्या केजन आणि झायडेको या दोन्ही संगीतांत आर्द्वाँच्या वादनाचे धागे सापडतात. गोऱ्यांच्या नाचांत त्याचं वादन हवंहवंसं होतं, पण त्याचा वावर नकोसा होता. एका रात्री घाम पुसायला एका गोऱ्या मुलीनं त्याला आपला रुमाल दिला, आणि त्याबद्दल त्याला परतीच्या वाटेवर इतकी मारहाण झाली की तो पुन्हा पूर्वीसारखा वाजवू शकला नाही, ही हकीकत त्या भागात आजही सांगितली जाते. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या सरकारी मनोरुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

क्रिओल लोकांच्या घरगुती नाचांना ‘ला-ला’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुष्कळ क्रिओल कुटुंबं तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत आणि गोद्यांत काम शोधत ह्यूस्टनला, पोर्ट आर्थरला, अगदी कॅलिफोर्नियापर्यंत गेली. शहरात त्यांच्या कानावर ब्लूज आणि ऱ्हिदम अँड ब्लूज पडलं. या मिसळणीतून झायडेको उभं राहिलं आणि त्याला जगाच्या नकाशावर नेलं क्लिफ्टन शेनिए या ओपेलुससच्या वादकानं. त्यानं पियानोसारख्या पट्ट्यांचा मोठा अकॉर्डियन वापरला आणि जोडीला ड्रम, बास आणि इलेक्ट्रिक गिटार आणली. कपडे धुवायच्या पन्हळी फळीवर ताल धरायची जुनी पद्धत होती. शेनिएनं १९४६ मध्ये विली लँड्री या कारागिराकडून खांद्यांवर अडकवता येईल असा पन्हळी पत्रा बनवून घेतला. त्याला फ्रोत्वार म्हणतात. शेनिएचा भाऊ क्लीव्हलंड बाटल्या उघडायच्या ओपनरांनी तो असा खरवडायचा की छातीवरच ताल वाजतो आहे असं वाटावं. १९८४ मध्ये शेनिएला ग्रॅमी मिळालं.

एवढी पार्श्वभूमी माहीत असली की दोन्ही नाच वेगळे का वाटतात हे नवशिक्याला अंगात समजतं. केजन नाच फरशीवरून पुढे सरकतो. झायडेको एका जागी राहून खाली, जमिनीकडे जातो.

शिकायला सुरुवात बहुधा वॉल्ट्झपासून होते. आपल्याकडे दादरा आणि केरवा ज्यांच्या कानात बसलेत त्यांना हिशेब चटकन कळेल: वॉल्ट्झची तीन-तीनची दोन पावलं मिळून सहा मात्रा भरतात, तर टू-स्टेप आणि झायडेको दोन्ही आठ मात्रांचे. वॉल्ट्झमध्ये नेणारा डावा, उजवा, डावा अशी तीन पावलं टाकतो आणि मग उजवा, डावा, उजवा. जोडीदार आरशासारखा उलट्या पायानं चालतो. पाय फारसे उचलायचे नाहीत, तळवे फरशीला लागून सरकवायचे. सगळी जोडपी हॉलभर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत असतात. सिनेमात दिसणाऱ्या राजवाड्यातल्या वॉल्ट्झसारखे मोठे उतार-चढाव, लांब मान, ताणलेले हात इथे नसतात. शेतात राबून आलेल्या माणसांनी शनिवारी रात्री निवांत फिरावं, तशी ती चाल आहे.

टू-स्टेप त्याहून सोपा. डावीकडे पाऊल, दुसरा पाय जवळ, पुन्हा डावीकडे पाऊल आणि उजव्या पायानं नुसता स्पर्श. मग हेच उजवीकडे. स्पर्श करताना त्या पायावर वजन द्यायचं नाही, कारण पुढचं पाऊल त्याच पायानं टाकायचं असतं. नवशिक्यांची निम्मी अडखळ इथेच होते: स्पर्शाच्या जागी ते भक्कम उभे राहतात आणि मग कोणता पाय मोकळा आहे तेच कळत नाही. यावर शिक्षक एक जुनाच उपाय सांगतात. जोडीदार न घेता, हात खिशात घालून, गाणं लावून खोलीत फक्त वजन या पायावरून त्या पायावर नेत राहायचं.

हातांची वळणं, फिरक्या, दोन्ही हात धरून एकमेकांच्या खालून जाणं हे सगळं केजन जिटरबगमध्ये येतं. त्याचं मूळ पाऊल किंचित लंगडत चालल्यासारखं दिसतं: एका पायावर दाबून, दुसऱ्यावर हलकं. १९८०च्या दशकात अमेरिकेत केजन गोष्टींची लाटच आली होती. लुइझियानाचा शेफ पॉल प्रुडोम याच्या मसाल्यात करपवलेल्या माशानं देशभरच्या हॉटेलांत धुमाकूळ घातला. ‘द बिग ईझी’ या चित्रपटातून हे संगीत दूरदूरच्या प्रेक्षकांपर्यंत गेलं. बाहेरून येणाऱ्या नाचणाऱ्यांना जिटरबगच्या फिरक्यांची भुरळ पडली आणि त्याचे वर्ग निघाले. काही जुन्या मंडळींना हे गाठी मारण्याचे खेळ फारसे रुचले नाहीत. त्यांच्या मते जोडीदाराशी दोन शब्द बोलता येणार नसतील तर त्या नाचाचा उपयोग काय?

झायडेकोचं पाऊल ऐकायला साधं आहे: सावकाश, जलद, जलद, आणि दुसऱ्या पायानं पुन्हा सावकाश, जलद, जलद. सावकाश पाऊल दोन मात्रांचं, जलद एकेका मात्रेचं. त्या दोन मात्रांमधली दुसरी मात्रा मोकळी असते. तिथे थांबायचं, टाच टेकवायची, पायाचं टोक लावायचं की नुसतं गुडघ्यात लवायचं, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. नाचणाऱ्याची स्वतःची सही त्या मोकळ्या मात्रेत उमटते. मात्र पावलं एवढी छोटी ठेवायची की दोघं मिळून जेमतेम एका चौरंगाएवढी जागा लागावी. गुडघे सैल, वजन कमरेच्या खाली, खांदे आणि डोकं स्थिर. बास ड्रमचा ठोका पडेल तेव्हा शरीरानं खाली जायचं. पॉप संगीतावर उड्या मारत वाढलेल्या माणसाचं शरीर ठोक्यावर वर उसळतं. ती सवय मोडायला पावलं शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तालही सरळ नसतो. बूझू चेव्हिसनं १९५४ मध्ये ‘पेपर इन माय शू’ गायलं, पुढे संगीत सोडून घोड्यांच्या शर्यतींत रमला आणि १९८०च्या दशकात परत आला. त्याच्या आणि नंतर बो जॉकच्या बँडमुळे बास ड्रमचे जोडठोके झायडेकोत ठळक झाले आणि तरुणांचा नाच आणखी जड, आणखी खोल झाला. क्रिओल घोडेस्वारांच्या ट्रेल राइड्समध्ये आज शेकडो लोक घोड्यांवरून आणि गाड्यांतून फेरी मारून येतात आणि संध्याकाळी काउबॉय बुटांतच झायडेको नाचतात. तिथल्या तरुणांचं पाऊल वर्गात शिकवलेल्या पावलापेक्षा वेगळं दिसतं. कधी जोडप्यांऐवजी सगळे रांगेतही नाचतात. ‘खरं’ पाऊल कोणतं, हा वाद त्यामुळे मिटत नाही. हे गाव एक करतं, ते गाव दुसरं.

दोघांमधला संवाद हा शिकण्याचा दुसरा भाग. नेणाऱ्याचा उजवा हात जोडीदाराच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याच्या जरा खाली असतो, आणि बहुतेक सगळे इशारे तिथूनच जातात. हातानं ढकलून किंवा बोटं आवळून काही साधत नाही. दिशा आधी छातीनं घ्यायची, हात मागून येतो. मागून जाणाऱ्यानं अंदाज बांधून आधीच पाऊल टाकायचं नसतं, तर वजन कुठे चाललंय याची वाट बघायची असते. पूर्वी पुरुष नेणार आणि स्त्री साथ देणार हे ठरलेलं असे. आता अनेक वर्गांत कुणीही कोणतीही बाजू घेतं आणि दोन्ही बाजू शिकलेल्याला वाट बघत बसावं लागत नाही. एक सूचना सगळीकडे ऐकू येते: खाली बघू नका. मान झुकली की वजन पुढे जातं आणि जोडीदाराला ओझं वाटू लागतं.

फ्लोअरचे रिवाज कुठे लिहून लावलेले नसतात, पण सगळे पाळतात. फिरत नाचणाऱ्यांनी बाहेरच्या कडेनं जायचं, एका जागी नाचणाऱ्यांनी मध्ये. धक्का लागला तर चूक कुणाचीही असो, मान लववून पुढे जायचं. नाचायला कुणीही कुणालाही विचारतं, आणि एक गाणं म्हणजे एक गाणं. त्यात मैत्रीपलीकडचा अर्थ कुणी काढत नाही. गाणं संपलं की आभार मानायचे आणि दुसरा जोडीदार शोधायचा. पाय दुखत असतील तर सरळ नाही म्हणावं. चालू गाण्यात जोडीदाराला शिकवायला जाणं हा सर्वांत मोठा असभ्यपणा, मग शिकवणारा कितीही निष्णात असो.

तयारी फार लागत नाही. रबरी तळाचे खेळाचे बूट फरशीला चिकटतात आणि वळताना गुडघा पिरगळतो. त्यामुळे चामडी तळाचे बूट बरे. लुइझियानात लोक काउबॉय बूट घालतात आणि फरशी गुळगुळीत राहावी म्हणून काही हॉलमध्ये तिच्यावर पावडर टाकतात. झायडेकोच्या रात्री अनुभवी मंडळी रुमाल आणि एक जादा शर्ट गाडीत ठेवतात. गाणी लांबतात, बँड लवकर थांबत नाही आणि दक्षिणेतला उन्हाळा दमट असतो.

या हॉलना आणि त्यांतल्या फ्रेंच भाषेला मधल्या काळात बिकट दिवस आले होते. १९२१च्या राज्यघटनेनं लुइझियानातल्या शाळांत इंग्रजी सक्तीची केली आणि फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. जुनं संगीत गावंढळ समजलं जाऊ लागलं. १९६४ मध्ये ड्यूई बाल्फा हा फिडलवादक न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवायला गेला. हजारो श्रोत्यांनी त्याच्या चमूला जो प्रतिसाद दिला, तो बघून हे संगीत आपल्याच घरात का लपवायचं, हा प्रश्न घेऊन तो परतला. १९६८ मध्ये राज्यानं फ्रेंच भाषेच्या विकासासाठी परिषद नेमली. १९७४ मध्ये लाफिएटच्या ब्लॅकहॅम कोलिझियममध्ये केजन संगीताचा मोठा सोहळा झाला. त्यातूनच आजचा ‘फेस्टिव्हल्स आकेडियाँ ए क्रिओल’ हा वार्षिक उत्सव वाढला. १९८२ मध्ये प्लेझन्स या खेड्यात झायडेकोचा महोत्सव सुरू झाला.

म्हणूनच लाफिएटच्या आसपास शनिवार-रविवार काढणं हा नवशिक्याचा उत्तम अभ्यासक्रम ठरतो. युनिसमध्ये मार्क सव्वा या अकॉर्डियन बनवणाऱ्याच्या दुकानात शनिवारी सकाळी वादक जमतात. तिथे नाच नसतो, पण दाबल्या-ओढल्या भात्याचा ठेका जवळून ऐकता येतो. त्याच गावात १९२४ साली बांधलेल्या लिबर्टी थिएटरमधला शनिवार संध्याकाळचा रेडिओ कार्यक्रम वर्षानुवर्षं चालत आला आहे, आणि बसून ऐकणाऱ्यांच्या पुढे जोडपी वॉल्ट्झ करताना दिसतात. ब्रो ब्रिजमध्ये शनिवारी सकाळी न्याहारीबरोबर झायडेको नाचायची पद्धत पडली आहे. न्यू ऑर्लिन्समधल्या ‘रॉक एन बोल’ या बोलिंगच्या जागेत गुरुवारची रात्र अनेक वर्षं झायडेकोची राहिली. एका बाजूला अकॉर्डियन, दुसऱ्या बाजूला लाकडी पिना कोसळल्याचा गडगडाट.

लुइझियानाबाहेर गेलेल्या क्रिओल कुटुंबांनी नाचही सोबत नेला. ह्यूस्टनमध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात कॅथलिक चर्चच्या सभागृहांत त्यांनी नाचाच्या रात्री सुरू केल्या. बर्कलीतल्या ‘ॲश्केनाझ’सारख्या ठिकाणी मग इतरही लोक येऊ लागले. ह्यूस्टन आणि बे एरिया ही दोन्ही ठिकाणं मराठी कुटुंबांच्या ओळखीची आहेत. मुलाकडे किंवा लेकीकडे चार-सहा महिने राहायला गेलेल्या आजी-आजोबांना एखादी संध्याकाळ तिथे घालवणं अजिबात अवघड नाही. नाचापूर्वी अर्ध्या-पाऊण तासाचा नवशिक्यांचा वर्ग ठेवायची पद्धत अशा बऱ्याच जागी आहे, आणि जोडीदार सोबत नेलाच पाहिजे असं नाही. वर्गातच जोड्या बदलत राहतात.

पहिल्या संध्याकाळचा बेत आटोपशीर ठेवावा. वर्गाला वेळेवर हजर राहायचं. बँड सुरू झाला की पहिली दोन-तीन गाणी बाजूला बसून ऐकायची आणि तीनची मोजणी कुठली, आठची कुठली एवढंच ओळखायचं. मग एक वॉल्ट्झ, एक टू-स्टेप आणि एक झायडेको, प्रत्येक वेगळ्या जोडीदाराबरोबर, आणि तेही विचारायला कुणी येण्याची वाट न बघता स्वतः उठून विचारायचं. जिटरबगच्या फिरक्या पुढच्या महिन्यात शिकल्या तरी चालतील.